आप्पांची कूस

साखरपुड्याच्या दिवशी वडगावातल्या त्या गल्लीत सकाळपासून एकही माग चालू नव्हता. यमनाप्पांच्या नातीचं कार्य म्हणून शेजारपाजारच्यांनीही आपापले यंत्रमाग बंद ठेवले होते. पण मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय एका दिवसात थोडीच जाते! त्यामुळं गल्लीभर नुसता आरडाओरडा चालला होता. मंडपवाला शिडीवरून दोरी मागत होता. आचारी पाण्याच्या नावानं शंख करत होता. आणि यमनाप्पांचा थोरला मुलगा परशराम नव्या कडक धोतरात मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत, जो दिसेल त्याला कामाला लावत होता.

मंगल, नवरीची आई, अजून घरातल्या साडीवरच होती. ओले केस तसेच पाठीवर टाकून ती सासऱ्यांच्या खोलीत शिरली. नवी साडी नेसली की वाकता येत नाही, तेव्हा आधी मामांची कूस बदलावी, मग तयारीला लागावं, असा तिचा बेत होता.

"मामा, उठलाय न्हवं? आज आरोहीचा साखरपुडा. आता ह्या अंगावर हं. चला."

यमनाप्पांनी डाव्या हातानं खाटेची कड धरली. गेल्या वर्षी मागापाशी उभे असतानाच त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो डावा हात, डोळे आणि चार-दोन तुटके शब्द एवढंच काय ते त्यांच्या ताब्यात राहिलं होतं. हॉस्पिटलातून घरी आणताना तिथल्या सिस्टरनं मंगलला बाजूला घेऊन बजावलं होतं, "ताई, औषध चुकलं तर फोन करा, सांगेन काय करायचं ते. पण कूस चुकवू नका. दोन-दोन तासांनी बदला. पडून पडून जी जखम होते ना, ती माणसाला खाते." मंगलनं ते मनावर घेतलं होतं. सणवार असो, पाहुणे येवोत, रात्र असो, तिनं कूस चुकवली नव्हती. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, यमनाप्पांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही.

तिनं त्यांना अलगद वळवलं, सदरा वर केला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला.

माकडहाडावर लालसर डाग होता. रुपयाएवढा. कातडी फाटली नव्हती, पाणी सुटलं नव्हतं. तिनं त्यावर बोट दाबलं, उचललं. चांगल्या कातडीवर बोट दाबलं की ती पांढरी पडते आणि मग पुन्हा रंग भरतो. हा डाग पांढरा पडलाच नाही. होता तसाच लाल राहिला.

मंगलनं बाकीची पाठ चाचपून पाहिली, दुसरा डाग कुठं नव्हता.

कुठून आला हे तिला विचारायची गरज नव्हती. काल दुपारी ती आरोहीला घेऊन बांगड्या भरायला खडेबाजारात गेली होती. तेवढ्यात निपाणीहून तिची नणंद अक्काताई आली. वडिलांसाठी बसायची रबरी रिंग, खोबरेल तेल आणि पोटभर माया घेऊन आली. भेटायला येणाऱ्यांना आप्पा नीट दिसावेत म्हणून तिनं त्यांना उशांना टेकवून बसवलं. ते खाली घसरले की काखेत हात घालून वर ओढलं. पुन्हा घसरले, पुन्हा ओढलं. मंगल परतली तेव्हा दिवेलागण झाली होती आणि अक्काताई आनंदानं सांगत होती, "बघ, माझ्यासंगं कसं दिसभर बसलं माझं आप्पा!"

दाराशी कप वाजला. अक्काताईच चहा घेऊन आली होती.

"अगं, अजून तू अशीच? आणि सकाळी सकाळी कशाला त्यास्नी उलटंपालटं करालीस? जरा डोळा लागू दे की. दुपारी खुर्चीत बसायचं हाय त्यास्नी."

"वन्सं," मंगल सावकाश म्हणाली, "आज मामा खुर्चीत बसणार न्हाईत."

अक्काताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

तिनं तो डाग पाहिला. पाहिला आणि हसली. "एवढंच व्हय! थांब, तेल लावून चोळतो, मोकळं हुतंय रगत. आणि रिंगंवर बसवू या की, त्यासाठीच तर आणलीया."

"चोळायचं न्हाई, वन्सं. आतलं मांस दुखावलंय, चोळलं की आणखी फाटतंय. आणि रिंगनं मधली जागा मोकळी राहते खरं, पण कडंनं सगळं आवळतंय. मग मधी रगतच पोचत न्हाई." मंगलनं डागाभोवती हलकेच बोट फिरवलं. "ह्या जागंवर आज अजिबात भार नको. बसवलं की सगळं वजन हितंच येणार."

"काल तर नव्हतं हे," अक्काताई म्हणाली.

मंगलनं सदरा खाली करून पाठीशी उशी लावली, दोन्ही गुडघ्यांमध्ये एक मऊ उशी सरकवली, पोटऱ्यांखाली घडी घातलेली चादर ठेवून टाचा गादीपासून वर उचलल्या. ती नुसतीच काम करत राहिली, आणि तिच्या त्या गप्प राहण्यातूनच अक्काताईला कळलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"मी बसवलं म्हणून झालं व्हय गं?"

"तुमास्नी कुणी सांगितलं नव्हतं, वन्सं. मला तरी हास्पिटलात जायच्या आधी कुठं म्हाईत हुतं?"

अक्काताई पुढं काही बोलणार एवढ्यात परशरामाचा आवाज आत घुसला. "ती चाकाची खुर्ची पुसून ठेवली का न्हाई कुणी? कडोलीस्नं पाव्हणं निघाल्यात म्हणून फोन आलाय!"

मंगलनं त्याला आत बोलावलं आणि सांगितलं. सांगून संपेपर्यंत दारात आरोही आली होती, अर्धी वेणी घातलेली, कपाळाला बिंदी लटकत असलेली. तिच्यामागं मंगलचा नवरा रविराज, हातात वायरीचं भेंडोळं घेऊन.

"म्हणजे?" परशराम म्हणाला. "म्हणजे आप्पा मंडपात न्हाईत?"

"खुर्चीत न्हाईत, भावजी."

"मंगल, तुला कळालंय का काय बोलालीस ते? हे लग्न कुणाच्या शब्दावर ठरलंय? आप्पांच्या. मी तर नको म्हणत हुतो, साऱ्या गल्लीला ठाऊक हाय. आता पाव्हणं येणार, आणि ज्यानं होकार दिला तोच मंडपात न्हाई. काय म्हणतील? घरातल्या थोरल्यांस्नी पसंत न्हाई, म्हणून म्हाताऱ्याला कोंडून ठेवलंय, असंच म्हणतील की!"

यात खोटं काही नव्हतं. विणकराच्या घरातली पोर शेतकऱ्याच्या घरी द्यायची की नाही, यावरून गेल्या वर्षी या घरात महिनाभर चुली धड पेटल्या नव्हत्या. आरोही आणि सौरव उद्यमबागेतल्या एकाच कंपनीत कामाला. पोरांनी एकमेकांना निवडलं, आणि परशरामानं जेवण सोडलं. तेव्हा यमनाप्पा माग थांबवून आत आले होते, हात पुसत म्हणाले होते, "पोरगी सांगंल तसं हुईल. ह्या घरात त्यावर आता बोलणं न्हाई." मोकळ्या जिभेनं ते घरासाठी बोललेले ते जवळजवळ शेवटचेच शब्द. त्यानंतर थोड्याच दिवसांत झटका आला.

"आई," आरोही म्हणाली. "तासाभरानं काय हुतंय गं? आज्जा समोर बसणार म्हणून तर मी... आजच्या दिवशी तरी तुझं ते कूस-कूस नको ना."

ते ऐकून मंगलला रडू फुटायचंच बाकी होतं. वर्षभर रात्रीचा गजर लावून उठताना ती इतकी दमली नव्हती, जितकी या एका वाक्यानं दमली. तिनं रविराजकडं पाहिलं. तो भेंडोळ्याची गाठ सोडवत खाली बघत उभा.

"इकडं ये," मंगल लेकीला म्हणाली. तिनं आरोहीचा मेंदी लावलेला हात उलटा केला, मनगटावर बोट दाबलं, उचललं. कातडी पांढरी पडली आणि लगेच गुलाबी झाली. "बघितलंस?" तिनं सासऱ्यांचा सदरा पुन्हा वर केला. "आता हितं दाब."

आरोहीनं आज्जाच्या पाठीवर घाबरत घाबरत बोट टेकवलं, दाबलं, उचललं. लाल ते लालच. पुन्हा दाबलं.

"वरनं नुसतं लाल दिसतंय," मंगल म्हणाली. "आतनं ती जागा मराय लागलीया. आज तासभर बसवलं तर उद्या फोड, परवा खड्डा. मग म्हैनोन् म्हैने भरत न्हाई ते. तुझ्या लग्नात आज्जा हवेत का नुसते आज हवेत, सांग."

आरोहीनं बोट काढून घेतलं. ती खाली बसली, आज्जाच्या तोंडासमोर, बिंदी बाजूला सारून.

"आज्जा, तुमाला काय पायजे? तुमास्नी कुणी इच्यारलंच न्हाई."

खरंच की. खोलीतली चार मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. कुणीच विचारलं नव्हतं.

यमनाप्पांचे ओठ हलले. एका बाजूनं शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागायचा. "भा... ईर."

"बसून न्हाई चालणार, आज्जा. झोपून?"

"भाईर!" म्हातारा डोळे वटारून म्हणाला, आणि डाव्या हातानं त्यांनी खाटेच्या कडेवर थाप मारली. बसून, झोपून, कसं का असेना!

आरोही ताडकन उठली. "ठरलं. खाट मंडपात न्यायची."

"मंडपात खाट?" परशराम ओरडला. "साखरपुडा हाय का काय हाय? पाव्हणं आत पाय ठेवायच्या आधी मागं फिरतील!"

"अपशकुनी दिसतंय गं," अक्काताईही हळूच म्हणाली. काल आपल्या हातून काय झालं हे कळूनसुद्धा जीभ जुन्याच वळणानं गेली.

"मग मीबी हितंच बसते," आरोही म्हणाली. "ह्या खोलीत. अंगठी हितंच घाला म्हणावं. सौरवला मी सांगते."

"आरोही!"

"काका, आज्जानं बोलणं बंद केलंय ना ह्यावर? मग बंद."

ते शब्द परशरामाच्या तोंडावर बसले. तो दोन पावलं मागं सरला. आणि इतका वेळ गाठ सोडवणारा रविराज एकदम हलला. त्यानं वायर खाली टाकली, दाराजवळ जाऊन हात पसरून चौकट मापली, खाटेकडं पाहिलं आणि म्हणाला, "ह्या दारानं खाट जायची न्हाई. आडवी केली तर जाईल, पण आप्पा कसं आडवं करणार? मागनं जाऊ या. कारखान्याच्या शटरनं. तिथनं सूत गुंडाळल्यालं एवढालं बीम आत येत्यात, खाटंचं काय घेऊन बसलायसा!"

मंगलनं नवऱ्याकडं पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याच्याकडं असं बघावंसं तिला फार थोड्या वेळा वाटलं होतं.

मग जी धावपळ उडाली ती काही विचारू नका. खोलीतून कारखान्यात उघडणारं मागचं रुंद दार उघडलं. कापडांनी झाकून ठेवलेल्या मागांच्या रांगेतून वाट केली. शटर खडखडत वर गेलं आणि उन्हाचा लोट आत आला. दुसरी रिकामी खाट त्या दाराशीच शेडमध्ये मांडली, तिच्यावर हवेची गादी अंथरली. ती गादी पंपावर चालायची, आणि पंपाला वीज हवी. रविराजनं मंडपवाल्याला गाठलं. तो आधी कुरकुरला, मग त्यानं स्पीकरच्या बोर्डातली एक जागा मोकळी करून दिली. गादी हळूहळू फुगायला लागली तशी बघायला जमलेली बायकामंडळी, "फुगली, फुगली!" म्हणून ओरडली.

आप्पांना हलवायला गल्लीतली चार धट्टीकट्टी माणसं आली. एकानं काखेत हात घातला, दुसऱ्यानं पाय धरले.

"थांबा!" मंगल इतक्या मोठ्यानं ओरडली की स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. "ओढायचं न्हाई. अंग गादीवर घासलं की संपलं. खाली चादर हाय, तिची टोकं धरा. चौघं मिळून एकदम उचला. मी सांगितल्यावर."

माणसांनी चादर धरली. आणि अक्काताई, कपाळावरचा घाम पुसत, आपणहून पुढं झाली. "मी डोकं धरतो. सांग मंगल."

"उचला!"

यमनाप्पा हवेत गेले. साठ-पासष्ट किलोचा माणूस पाळण्यातल्या पोरासारखा तरंगला, दोन पावलांत दुसऱ्या खाटेवर उतरला. मग खाट उचलली गेली, आणि झाकलेल्या मागांच्या मधून, आपल्या आयुष्यभराच्या जागेमधून, म्हातारा बाहेर निघाला. वर्षभरात पहिल्यांदा. प्रत्येक मागापाशी त्यांची नजर थांबत होती. उंबऱ्याशी त्यांनी डोळे मिटले, ऊन लागलं म्हणून, आणि मंडपात उघडले तेव्हा वर पिवळी-तांबडी झालर हलत होती. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे घरच्यांनाच कळलं.

मंगल पळत आत गेली, जेमतेम साडी गुंडाळून, केसांत गजरा खोचून बाहेर येते तोवर गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचे हॉर्न वाजले.

कडोलीचे पाव्हणे आले. पुढं सौरवचे वडील नागेंद्र पाटील, पांढरी टोपी, हातात नारळ. त्यांच्यामागं सौरवची आई दुर्गाबाई, अंगानं भरलेली, चालणं ठसक्याचं, बोलणं मोजकं. हिच्याच तोंडाकडं सगळे बघत होते. पहिल्या भेटीत तिनं या घरचा चहा अर्धा ठेवला होता, यावरून अक्काताईनं निपाणीत महिनाभर चर्चा केली होती.

दुर्गाबाई मंडपात शिरली आणि थांबली. चौरंग, फुलं, समया, आणि त्यांच्या शेजारी खाट. पंप घुं घुं करतोय. परशरामानं तोंड उघडलं, बहुधा माफी मागायला. पण ती त्याच्याकडं न बघता सरळ खाटेपाशी गेली. वाकून यमनाप्पांना नमस्कार केला. मग पायाशी जाऊन तिनं पांघरूण थोडं वर केलं.

मंगल लगबगीनं खाटेपाशी आली.

"टाचा उचलून ठेवल्यात," दुर्गाबाई म्हणाली. "कुणी केलंय हे?"

"मी," मंगल म्हणाली. "हास्पिटलात शिकवलंतं."

दुर्गाबाईनं टाचा आणि गादी यांच्यामधून हात फिरवून पाहिला. "आमच्या मामांस्नी असंच झालतं. आमी मऊ गादी घातली, वरनं पावडर लावली, झोपू दे म्हणालो, त्रास नको म्हणालो. दिसभर एकाच कुशीवर. पाठीची जखम डोळ्यांनी न्हाई, वासानं कळली आमास्नी." तिनं पांघरूण पुन्हा नीट केलं. "कुणी सांगितलंच न्हाई हो. पाठ बघायची असतीया हेच म्हाईत नव्हतं."

मंगलनं दुर्गाबाईचा हात धरला, आणि दुर्गाबाईनं तो धरू दिला.

"काय हो," दुर्गाबाई एकदम मागं वळून नवऱ्याला म्हणाली, "उभा काय ऱ्हायलाय? नारळ द्या की आप्पांच्या हातात!"

नागेंद्र पाटलांनी नारळ यमनाप्पांच्या डाव्या हातात ठेवला. मंडपाचा जीव भांड्यात पडला. मागून एकदम सनई लागली. स्पीकरवाल्यालाही बहुधा तेवढंच हवं होतं.

मग कार्य सुरू झालं. टिळे झाले, ओटी झाली, साडी-चोळी झाली. आरोहीला नेसवलेली साडी घरच्याच मागावरची, जांभळ्या रंगाची. कडोलीच्या बायका पदर हातात घेऊन काठ न्याहाळत होत्या आणि यमनाप्पा चौरंगाकडं तोंड करून, अर्धवट कुशीवर, सगळं बघत होते. एकदा भटजींचा मंत्र लांबला तेव्हा त्यांनी जांभई दिली, आणि पोरं खुसूखुसू हसली. मंगल पाहुण्यांच्या पाया पडत होती, विड्याची ताटं फिरवत होती, एकीकडं आचाऱ्याला खुणावत होती. अंग नुसतं पिसासारखं झालं होतं. आपल्या पोरीचा साखरपुडा आहे हे तिला आत्ता कुठं कळायला लागलं होतं.

भटजींनी अंगठ्यांची डबी मागितली. मंडपातले सगळे फोन वर झाले.

तेवढ्यात अक्काताई मंगलच्या कानाशी आली. "मंगल. येळ झाली."

"कसली?"

"आप्पांची. कूस."

मंगलनं खाटेकडं पाहिलं. हो, झाली होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी तिनं चार-पाच मिनिटं पुढं ढकललंही असतं. पण अंगठ्यांनंतर आशीर्वाद, आशीर्वादानंतर फोटो, फोटोनंतर पुन्हा फोटो, आणि पाव्हण्यांच्या गर्दीत एकदा वेळ गेली की गेली. कालचं असंच गेलं होतं. आणि आत्ता कूस बदलली तर मामांचं तोंड चौरंगाच्या उलट बाजूला, शेजाऱ्यांच्या भिंतीकडं होणार. ज्याच्या शब्दावर हे सगळं उभं राहिलं, तो माणूस ऐन वेळी भिंत बघत पडणार.

त्या दोघींना खाटेपाशी कुजबुजत उभ्या राहिलेल्या बघून भटजी थांबले. "काय झालं? मुहूर्त चाललाय."

मंगलनं सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना तिचा चेहरा लाल झाला. "त्यास्नी ह्या अंगावरनं त्या अंगावर वळवायचंय. आत्ताच. मग त्यास्नी... दिसणार न्हाई."

भटजी घुटमळले. कुणीतरी म्हणालं, एवढं झालं की मग वळवा. कुणी म्हणालं, फोन धरून व्हिडिओ दाखवू. आरोहीनं आईकडं पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, पण तिनं मानेनंच वळवा म्हणून खुणावलं. सकाळी बोट दाबलं होतं तिनं.

तेव्हा परशराम उठला. जो जेवण सोडून बसला होता तो परशराम. त्यानं धोतराचा सोगा कमरेला खोचला, समया उचलून रविराजच्या हातात दिल्या, आणि वाकून चौरंगच उचलला.

"आप्पा फिरत्यात तर आपण फिरू या की!" तो गरजला. "मंडप काय जमिनीत गाडलाय व्हय? चला, उचला खुर्च्या! ह्या अंगाचं त्या अंगाला!"

मग नागेंद्र पाटलांनी बसल्या जागेवरून उठून आपली खुर्ची डोक्यावर घेतली. "चला रं, कडोलीकर!"

आणि सगळा मंडप उठला. खुर्च्या डोक्यावर, सतरंज्या काखेत, पोरं कडेवर. शेजारणी हसत किंचाळत भिंतीकडून अलीकडं आल्या, पाव्हणे चौरंगामागून पलीकडं गेले, मध्येच दोघांची टक्कर होऊन फुलांचं ताट सांडलं, ते तिसऱ्यानं ओंजळीत गोळा केलं. आरोहीनं साडी गुडघ्यापर्यंत धरली आणि सौरवच्या हाताला धरून खाटेला वळसा घालून पळाली. फेटा वाकडा झालेला सौरव खदखदा हसत होता. भटजी डबी छातीशी धरून "सावकाश, सावकाश," म्हणत मागून निघाले. या सगळ्या गोंधळात मंगल आणि अक्काताई, चादरीची दोन टोकं धरून, एकमेकींकडं बघत, "उचल," म्हणाल्या, आणि यमनाप्पा अलगद दुसऱ्या अंगावर आले. उशी पाठीशी. उशी गुडघ्यांत. टाचा वर.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर पुन्हा चौरंग होता, समया होत्या, आणि त्यांची नात धापा टाकत उभी होती.

"घाला आता!" परशराम म्हणाला. तोही धापा टाकत होता.

अंगठ्या घातल्या गेल्या. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की स्पीकरवरची सनई ऐकूच आली नाही. यमनाप्पांनी डाव्या मुठीतल्या अक्षता फेकल्या. त्या दोघांपर्यंत पोचल्या नाहीत, परशरामाच्या टोपीवर पडल्या. परशरामानं त्या झटकल्या नाहीत. जेवणं होईपर्यंत तशाच डोक्यावर घेऊन हिंडला.

पंगती उठायला लागल्या तेव्हा खाट पुन्हा शेडमधून आत आली. खोलीत पडदा ओढून मंगलनं सदरा वर केला. "वन्सं, तुमी दाबा," ती म्हणाली.

अक्काताईनं बोट दाबलं आणि उचललं. तिला वाटलं, आपल्याला हवंय म्हणून तसं दिसतंय. तिनं पुन्हा दाबलं. डागाची मधली जागा तशीच होती, पण कडेनं बोटाखाली थोडं पांढरं पडत होतं आणि मग रंग परत येत होता.

"येतंय गं," ती म्हणाली. "कडंनं रगत परत येतंय."

"उद्या आणखी येईल. दोन-चार दिस त्या जागंवर भार न्हाई दिला की बसंल."

"मी निपाणीला जात न्हाई चार दिस," अक्काताई म्हणाली. कुणी राहा म्हणालं नव्हतं. तिनं ती रबरी रिंग उचलली, पिशवीत कोंबली आणि पिशवी खाटेखाली ढकलून दिली. "रातचं मी उठतो. तू झोप."

यमनाप्पांचे ओठ हलत होते. दोघी वाकल्या.

"जे... वली?"

ते मंगलकडं बघत होते. सकाळच्या चहानंतर तिच्या पोटात काही गेलं नव्हतं, आणि हे साऱ्या घरात त्यांनाच दिसलं होतं. मंगलला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"जा बाई, जेव जा," अक्काताईनं तिला खांद्याला धरून दाराबाहेर काढलं.

मंडपात शेवटची पंगत बसली होती. दुर्गाबाईनं आपल्या शेजारचं पान धरून ठेवलं होतं. मंगल बसली तशी तिनं वाढप्याच्या हातातली पळी घेतली आणि स्वतःच तिच्या पानात मसालेभात वाढला.

"लग्नाचा हॉल बघालोय आमी," ती म्हणाली. "पिरनवाडीकडं एक हाय, पण तिथं स्टेज एका टोकाला. असला नको. मधी खाट बसंल आणि चहूकडनं माणसं बसतील, असला पायजे. तुमी या की संगं बघायला."

मंगलच्या तोंडात घास होता. तिनं नुसती मान डोलावली, जोरजोरात, आणि दुसऱ्या हातानं जिलेबीवाल्याला खुणावलं.